कधीच नसलेल्या भाडेकरूचे घर: बेकर स्ट्रीटवरील शेरलॉक होम्स संग्रहालय

लंडनच्या बेकर स्ट्रीटवर दारांवरचे क्रमांक वाचत उत्तरेकडे निघालेल्या माणसाला २३७ नंतर २३९ दिसायला हवा. प्रत्यक्षात त्याला २२१ बी दिसतो आणि त्याच्या शेजारच्या दारावर २४१. पोस्टमनच्या दृष्टीने हा निव्वळ घोटाळा आहे, पण या रस्त्यावर त्याची तक्रार कोणी करत नाही, कारण हा क्रमांक घराला नव्हे तर घरात राहत असल्याचे मानले गेलेल्या माणसाला दिलेला आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ मध्ये शेरलॉक होम्स या काल्पनिक गुप्तहेराची पहिली कथा प्रसिद्ध केली तेव्हा बेकर स्ट्रीट आजच्याइतका लांब नव्हता आणि २२१ हा क्रमांक त्यावर अस्तित्वातच नव्हता. पुढे १९३० च्या सुमारास उत्तरेकडचा लगतचा रस्ता त्यात मिळवून सगळ्या घरांना नव्याने क्रमांक दिले गेले, आणि २१९ ते २२९ हे आकडे ॲबी या गृहकर्ज देणाऱ्या संस्थेच्या नव्या मुख्यालयाच्या वाट्याला आले. तेव्हापासून होम्सच्या नावाची पत्रे त्या कचेरीत येऊन पडू लागली. ती इतकी आली की संस्थेला उत्तरे लिहिण्यासाठी एका स्वतंत्र सचिवाची नेमणूक करावी लागली. १९९० मध्ये थोडे पुढे, १८१५ सालच्या एका जुन्या घरात हे संग्रहालय सुरू झाले आणि पत्रांवर हक्क कोणाचा याचा वाद उभा राहिला, तो पुढे त्या संस्थेने इमारत सोडेपर्यंत पुरला.

तिकीट काढण्यापूर्वी रस्त्यावर उभे राहून एवढे समजून घेतले तर संग्रहालयाचा अर्धा आनंद तिथेच हाती येतो, असे माझे मत आहे. पत्र लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना होम्स खरा नाही हे नक्कीच ठाऊक असणार, आणि तरीही ते हरवलेल्या वस्तूंबद्दल, घरातल्या कटकटींबद्दल, पोलिसांनी बासनात बांधलेल्या प्रकरणांबद्दल त्याला लिहीत राहिले. रहस्यकथा माणसाला का सोडत नाही याचे माझ्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक उत्तर या पत्रव्यवहारात आहे. सामान्य माणसाला खुनाचे आकर्षण असते असे म्हणणे सोपे आहे, पण मला वाटते त्याला खरी ओढ असते ती कोणीतरी आपल्याकडे नीट पाहील याची, म्हणजे बुटावरचा चिखल, बाहीवरची सुरकुती, घड्याळाच्या मागचा ओरखडा यांतून आपले सगळे म्हणणे ओळखेल आणि अन्याय झाला असेल तर तो दूर करील याची. या मोजपट्टीवर हे घर किती उतरते ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

बेकर स्ट्रीट हे भुयारी रेल्वेचे स्थानक १८६३ मध्ये सुरू झालेल्या जगातल्या पहिल्या भुयारी मार्गावरचे आहे आणि त्याच्या काही फलाटांच्या भिंतींवरच्या फरशांत पाइप ओढणाऱ्या होम्सची काळी आकृती उमटवलेली आहे. बाहेर पडताच मॅरिलबोन रोडवर त्याचा १९९९ मध्ये उभारलेला ब्राँझचा पुतळा भेटतो. तिथून संग्रहालय चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. तळमजल्यावर दुकान, दाराशी जुन्या काळच्या गणवेशातला पोलीस आणि दारावर स्मृतिफलक अशी मांडणी आहे. पोलिसाबरोबर छायाचित्र काढून घेण्यासाठी लोक थांबतात आणि तोही बिचारा दिवसभर तेच गंभीर तोंड करून उभा असतो. तिकीट रुपयांत मोजले तर जड वाटेल, विशेषतः घर किती लहान आहे हे कळल्यावर. दर आणि वेळा बदलत असल्याने जाण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

आत शिरल्यावर जिना लागतो. बैठकीच्या खोलीपर्यंतच्या पायऱ्या सतरा आहेत आणि वर जाणारी कित्येक माणसे ओठांतल्या ओठांत त्या मोजत असतात. कारण उघड आहे. एका कथेत होम्स आपला सोबती डॉ. वॉटसन याला विचारतो की या पायऱ्या शेकडो वेळा चढूनही त्या किती आहेत हे तुम्हाला का सांगता येत नाही, आणि मग नुसते दिसणे आणि लक्षपूर्वक पाहणे यांतला फरक त्याला समजावतो. संग्रहालयाने इथे एकही पाटी न लावता, कोणतेही यंत्र न ठेवता, भेट देणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला कथेतल्या परीक्षेला बसवले आहे. पायऱ्या मोजणारा माणूस आपोआप हळू चालतो, कठड्याकडे पाहतो, भिंतीवरच्या कागदाची नक्षी पाहतो, आणि वरच्या खोलीत शिरताना त्याचे डोळे कामाला लागलेले असतात. पुढे घरात जे जे चांगले आहे ते याच युक्तीवर उभे आहे.

पहिल्या मजल्यावरची बेकर स्ट्रीटकडे खिडक्या असलेली बैठकीची खोली हे या संग्रहालयाचे हृदय. ती अपेक्षेपेक्षा बरीच लहान आहे. शेकोटीसमोर समोरासमोर दोन खुर्च्या, कोपऱ्यात रसायनांचे टेबल, व्हायोलिन, पुस्तकांच्या रांगा, वैद्यकीय पेशाच्या खुणा आणि जेवणाचे टेबल एवढे सगळे त्या मोजक्या जागेत बसवलेले आहे. खोली दाटलेली वाटते आणि ते योग्यच आहे. कथांमध्ये या खोलीत दोन पुरुषांचा संसार, एका डॉक्टरचे सामान, एका रसायनप्रेमीचा पसारा आणि रोज येणारे अशील मावायचे असतात, आणि लंडनमधल्या भाड्याच्या जागेचे भाडे एकट्याला परवडत नाही म्हणूनच ते दोघे एकत्र राहू लागलेले असतात. मुंबईत भाड्याच्या खोलीत दिवस काढलेल्या वाचकाला हा तपशील वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

जवळून पाहण्यासारखी जागा म्हणजे शेकोटीभोवतालची. होम्सच्या सवयींचे जे वर्णन डॉयल यांनी १८९३ च्या एका कथेच्या सुरुवातीला केले आहे ते इथे वस्तूंच्या रूपात उतरवलेले दिसते. तंबाखू ठेवायला डबा नाही, ती पर्शियन चढावाच्या, म्हणजे घरात घालायच्या जोड्याच्या, टोकात कोंबलेली. उत्तर न दिलेली पत्रे शेकोटीवरच्या लाकडी फळीला चाकूने भोसकून ठेवलेली. आणि भिंतीवर पिस्तुलाच्या गोळ्यांनी कोरलेली राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे. ही तीन चिन्हे एकत्र वाचली तर एक माणूस उभा राहतो. त्याच्या विचारांत काटेकोर शिस्त आहे, घरात अजिबात नाही. त्याला कंटाळा सहन होत नाही, आणि घरमालकिणीच्या भिंतीवर नेम धरतानाही राजनिष्ठेचे भान सुटत नाही. या खोलीत पाट्यांचा आणि स्पष्टीकरणांचा भडिमार नाही, आणि तो नाही म्हणूनच ती बोलते. व्हिक्टोरियन वेशातले मार्गदर्शक विचारले तर उत्तर देतात, न विचारता फारसे मध्ये पडत नाहीत. आपण तिथे उभे राहून भाडेकरू बाहेर गेलेला आहे असे समजून त्याच्याबद्दल अनुमाने काढू लागतो, आणि ही अनुमाने काढण्याची मुभा हीच मला या तिकिटाची खरी किंमत वाटते.

या कलेचे मूळ कथेबाहेरचे आहे हे इथे सांगितले पाहिजे. डॉयल एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असताना त्यांना डॉ. जोसेफ बेल हे शल्यविशारद शिकवायला होते. समोर आलेला रुग्ण तोंड उघडण्याआधी त्याचा व्यवसाय आणि प्रवास सांगून बेल विद्यार्थ्यांना थक्क करीत. डॉयल यांनी आपल्या आठवणींत सांगितलेला एक प्रसंग असा की एका साध्या कपड्यांतल्या रुग्णाला पाहून बेल म्हणाले, हा सैन्यातून नुकताच निवृत्त झालेला, डोंगरी पलटणीतला, हुद्दा असलेला शिपाई आहे आणि तो बार्बाडोसला होता. त्याने आदर दाखवूनही टोपी काढली नाही ही सैन्यातली सवय, वागण्यात किंचित अधिकार हा हुद्दा, बोलण्यावरून तो स्कॉटिश, आणि त्याला झालेले हत्तीरोगाचे दुखणे वेस्ट इंडीजमधले. हत्तीपायाचे रुग्ण कोकणाच्या किनाऱ्यावर पाहिलेल्या आपल्याकडच्या डॉक्टरांना बेल यांचे शेवटचे अनुमान थोडे घाईचे वाटेल, पण १८७० च्या दशकातल्या स्कॉटिश पलटणीचा विचार केला तर ते चुकले नव्हते. होम्सचा तर्क हा असा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून आलेला आहे, आणि बैठकीच्या खोलीत वॉटसनचे सामान होम्सच्या सामानाइतकेच महत्त्वाचे का वाटते याचे कारणही तेच.

इथपर्यंत कौतुक. वरच्या मजल्यांबद्दल माझे मत इतके अनुकूल नाही. दुसऱ्या मजल्यावर वॉटसन आणि घरमालकीण श्रीमती हडसन यांच्या खोल्या आहेत, त्या पाहण्यासारख्या आहेत. त्याच्या वर मात्र निरनिराळ्या कथांतले प्रसंग मेणाच्या पुतळ्यांत उभे केले आहेत. लाल केसांचा गृहस्थ, होम्सचा प्रतिस्पर्धी प्राध्यापक मोरिआर्टी, कथांमधले बळी आणि गुन्हेगार, सगळे आपापल्या शेवटच्या क्षणात थिजलेले. कारागिरीला नावे ठेवण्याचा हेतू नाही, आणि मुले इथेच सर्वाधिक रमतात हेही पाहण्यात येते. आक्षेप वेगळा आहे. ज्याने कथा वाचली आहे त्याच्या मनातला चेहरा हे पुतळे पुसू पाहतात, आणि ज्याने वाचलेली नाही त्याला उत्तर आधी सांगून मोकळे होतात. वाचनालयातल्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलने खुन्याचे नाव लिहून ठेवावे, तसे हे आहे. खालची खोली प्रश्न विचारते, वरची दालने उत्तरे देतात, आणि रहस्याच्या बाबतीत उत्तर हा सगळ्यांत अल्पायुषी भाग असतो. ते कळले की दहा मिनिटांत त्याची नवलाई ओसरते. वाचक पुन्हा पुन्हा परत येतो तो ते कळण्याच्या आधीच्या पानांकडे.

गंमत अशी की मेणाच्या पुतळ्याचा योग्य उपयोग खुद्द होम्सला ठाऊक होता. डॉयल यांनी १८९३ मध्ये त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यात ढकलून दिले, वाचकांनी संतापाची पत्रे पाठवली, मासिकाची वर्गणी बंद केली, आणि अखेर १९०३ मध्ये लेखकाला त्याला परत आणावे लागले. त्या पुनरागमनाच्या कथेत होम्स याच घराच्या खिडकीत स्वतःचा मेणाचा अर्धपुतळा ठेवतो, त्याची सावली पडद्यावर पडते आणि समोरच्या रिकाम्या घरातला मारेकरी तिच्यावर गोळी झाडतो. कथा सव्वाशे वर्षांच्या घरात आलेली असल्याने एवढे उघड करण्यास हरकत नसावी. एक अर्धपुतळा, तोही पडद्याआड, आणि संपूर्ण कथा त्यावर पेललेली. संग्रहालयाने वरचे सगळे पुतळे हलवून खिडकीत एवढी एकच सावली ठेवली असती तर रात्री रस्त्यावरून जाणाराही थबकला असता. पोटमाळ्यावर जुन्या पद्धतीचे नक्षीदार शौचकूप आहे, तिथे मात्र कोणत्याही कथेचा उलगडा होत नाही आणि गर्दी बरीच असते.

हे घर होम्सचे आहे, डॉयल यांचे नव्हे. त्यामुळे कथेबाहेरच्या, खऱ्या आयुष्यातल्या रहस्याशी या नावाचा जो संबंध आला तो समजून घेण्यासाठी बाहेर पडून दक्षिणेकडे, चेअरिंग क्रॉसच्या बाजूला जावे लागते. मराठी वाचकाने तर अवश्य जावे, कारण त्या प्रकरणाचे एक टोक मुंबईत आहे. मुंबईचे शापूरजी एदलजी हे पारशी कुटुंबात जन्मलेले गृहस्थ ख्रिस्ती झाले, इंग्लंडला गेले आणि स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्ली या खाणकामगारांच्या गावात चर्चचे धर्मगुरू झाले. त्यांनी इंग्रज स्त्रीशी विवाह केला होता. गावाला हा सावळा धर्मगुरू रुचला नाही असे दिसते. घराला वर्षानुवर्षे निनावी, विखारी पत्रे येत राहिली. थोरला मुलगा जॉर्ज वकील झाला, बर्मिंगहॅमला व्यवसाय करू लागला. १९०३ मध्ये गावाभोवतीच्या कुरणांत रात्री गुरांची आणि घोड्यांची पोटे चिरण्याचे प्रकार सुरू झाले आणि पोलिसांनी जॉर्जलाच पकडले. तो तुरुंगात असतानाही असे प्रकार घडले, तरीही त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी, काही स्पष्टीकरण न देता, त्याला सोडण्यात आले. पण तो निर्दोष ठरला नव्हता, त्यामुळे वकिलीही बंद.

त्याने डॉयल यांना कागदपत्रे पाठवली. १९०७ च्या आरंभी चेअरिंग क्रॉसच्या ग्रँड हॉटेलमध्ये दोघांची भेट ठरली. डॉयल यांना पोहोचायला उशीर झाला होता आणि जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. डॉयल काही क्षण दुरूनच पाहत उभे राहिले. त्या माणसाने कागद डोळ्यांच्या अगदी जवळ, आणि किंचित तिरका धरलेला होता. डॉयल यांनी नेत्रविकारांचा अभ्यास केलेला होता, त्यामुळे ही तीव्र लघुदृष्टी आणि जोडीला दृष्टिवैषम्य आहे हे त्यांनी तिथेच ओळखले. असा माणूस काळोख्या पावसाळी रात्री रेल्वेचे रूळ, कुंपणे आणि चिखलाची शेते ओलांडून, जनावर गाठून, ते चिरून परत घरी येतो ही कहाणी त्यांना त्याच क्षणी अशक्य वाटली. त्यांनी गावी जाऊन पाहणी केली आणि 'डेली टेलिग्राफ'मध्ये जानेवारी १९०७ मध्ये सविस्तर लेख लिहिले. मे महिन्यात सरकारने जॉर्जला जनावरांच्या आरोपातून माफी दिली, पण निनावी पत्रे त्यानेच लिहिली असावीत हा ठपका तसाच ठेवला आणि नुकसानभरपाईचा एक पेनीही दिला नाही. त्याला वकिली परत मिळाली. इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय त्याच वर्षीच्या कायद्याने आले, आणि त्यामागे जो लोकमताचा रेटा होता त्यात या प्रकरणाचा वाटा मोठा होता.

या गोष्टीत होम्सच्या कथेतले सगळे आहे: निनावी पत्रे, रात्रीचे गुन्हे, मठ्ठ पोलीस, एका दृष्टिक्षेपात केलेले निदान. एक गोष्ट मात्र नाही. खरा गुन्हेगार कोण हे कधीच निर्विवाद सिद्ध झाले नाही. डॉयल यांनी एका माणसावर संशय धरला होता, पण तो पुराव्यापर्यंत गेला नाही, आणि होम्सचा निर्माता असूनही शेवटचे प्रकरण लिहिणे त्यांना जमले नाही. खऱ्या रहस्याची ओढ कथेतल्या रहस्यापेक्षा वेगळी असते ती इथे. कथेत उलगडा झाला की न्याय आपोआप होतो, कारण दोन्ही लेखकाच्याच हातात असतात. ग्रेट वर्लीत न्याय अर्धा झाला, उलगडा झालाच नाही, आणि मुंबईकर बापाच्या त्या मुलाने उरलेले आयुष्य तेवढ्यावर भागवले.

ग्रँड हॉटेल आज त्या रूपात नाही, पण त्याच परिसरात नॉर्थम्बरलंड स्ट्रीटवर होम्सच्या नावाचा पब आहे, आणि संग्रहालयाशी तुलना करायची तर ती इथेच करावी. १९५१ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्सवाच्या निमित्ताने बेकर स्ट्रीटवर, त्या पत्रांनी भरलेल्या ॲबीच्या इमारतीतच, होम्सच्या खोलीचे प्रदर्शन मांडले गेले होते. ते पुढे अमेरिकेत जाऊन आले आणि १९५७ मध्ये या पबमध्ये वरच्या मजल्यावर कायमचे बसवले गेले. ही खोली काचेपलीकडून पाहायची असते, आत पाऊल ठेवता येत नाही. बेकर स्ट्रीटच्या खोलीत आपण वावरतो आणि वस्तू हाताच्या अंतरावर असतात. इथे आपण जेवणाच्या टेबलावरून डोकावतो. तरीही मला पबची खोली अधिक खरी वाटली, याचे कारण बहुधा ती जुनी झाली आहे हे असावे. तिच्यावर सत्तरेक वर्षांची धूळ आणि धूर यांचा हात फिरलेला आहे, आणि ज्यांनी ती मांडली त्यांना घोडागाडीचे आणि गॅसच्या दिव्यांचे लंडन स्वतः पाहिलेली माणसे भेटत होती. जेवण इंग्लिश पबचे असते तसे, म्हणजे मासे, बटाटे, सारण भरून भाजलेली 'पाय' आणि ग्रेव्ही. त्याची आशा धरून जाऊ नये. तिकीट नाही, ही गोष्ट बेकर स्ट्रीटवरून आलेल्याला सुखावते.

या खोल्यांच्या वेडाबद्दल आणखी एका माणसाचा उल्लेख टाळता येत नाही. रिचर्ड लॅन्सेलिन ग्रीन हे डॉयल यांचे थोर अभ्यासक. शाळकरी वयातच त्यांनी आपल्या घराच्या पोटमाळ्यावर बेकर स्ट्रीटची ही खोली वस्तू जमवून जमवून उभी केली होती. आयुष्यभर डॉयल यांची कागदपत्रे शोधणारा हा माणूस, ती मोठ्या संख्येने लिलावात निघणार या बातमीने अस्वस्थ असताना, मार्च २००४ मध्ये लंडनमधल्या आपल्या घरी मृत सापडला. बुटाच्या नाडीने गळा आवळला गेला होता. आत्महत्या, अपघात की खून हे ठरवण्याइतका पुरावा नाही म्हणून चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष खुला ठेवला. त्यांचा संग्रह त्यांच्या इच्छेनुसार पोर्ट्समथ शहराला मिळाला. डॉयल यांनी त्याच शहराच्या साउथसी भागात दवाखाना थाटला होता आणि रुग्णांची वाट पाहत असताना होम्सची पहिली कथा लिहिली होती. या मृत्यूवर तर्क लढवण्याचा मोह लोकांना होतो, आणि तो मला अशोभनीय वाटतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ मध्ये 'जॅक द रिपर'ने केलेल्या खुनांवर आजही संध्याकाळच्या फेऱ्या निघतात. दिवा हातात धरलेला वाटाड्या संशयितांच्या नावांची यादी रंगवून सांगतो आणि ज्या पाच स्त्रिया मारल्या गेल्या त्यांची नावे पर्यटकांना फेरीच्या शेवटी क्वचितच आठवतात. बेकर स्ट्रीटच्या घराच्या बाजूने मला जे सांगायचे आहे ते हेच की तिथे कोणीही खरोखर मेलेले नाही, आणि त्यामुळे तिथला आनंद निर्धास्तपणे घेता येतो.

आपल्याकडे या जोडगोळीचे वंशज कमी नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे धनंजय आणि छोटू हे होम्स-वॉटसनच्याच जातकुळीतले. दादर-गिरगावच्या कित्येक पिढ्यांनी त्यांच्या पुस्तिका दिवसाच्या भाड्याने आणून, अभ्यासाच्या वहीत लपवून वाचल्या. त्या पिढ्यांतला वाचक बेकर स्ट्रीटच्या खोलीत उभा राहिला तर त्याला परकेपणा वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. ज्यांना होम्स फक्त पडद्यावरून ठाऊक आहे त्यांनी मात्र जाण्यापूर्वी निदान चार-पाच कथा मूळ किंवा अनुवादातून वाचाव्यात, नाहीतर चढाव हा चढाव आणि चाकू हा चाकूच राहील. एकूण छप्पन्न कथा आणि चार कादंबऱ्या आहेत, त्यांतल्या १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात आलेल्या पहिल्या बारा आणि चढाव-चाकूचे वर्णन असलेली १८९३ ची ती कथा एवढे पुरेसे आहे.

सोयीबद्दल थोडे. घर जुने आणि संरक्षित असल्याने जिने अरुंद आहेत आणि ते सगळे पायी चढावे लागतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी हा विचार आधी करावा, कारण पाहण्यासारखे जे आहे ते पहिल्या मजल्यापासूनच सुरू होते. दुपारी गर्दी असते आणि लहान खोल्यांत ती लगेच जाणवते. सकाळी दार उघडतानाची वेळ गाठली तर बैठकीच्या खोलीत काही मिनिटे मोकळी मिळतात आणि तीच मिनिटे मोलाची आहेत. तासाभरात सगळे घर पाहून होते. बैठकीच्या खोलीत अर्धा तास आणि वर पंधरा मिनिटे अशी वाटणी मी सुचवीन.

तळमजल्यावरचे दुकान तिकिटाशिवाय पाहता येते आणि तिथे थांबण्याचा मोह बहुतेकांना आवरत नाही. दोन्ही बाजूंनी कानपट्ट्या असलेली शिकारी टोपी तिथे भरपूर विकली जाते. ती टोपी त्या नावाने डॉयल यांच्या मजकुरात कुठेच नाही. ती आणली सिडनी पॅजेट या चित्रकाराने 'स्ट्रँड'मधल्या कथांच्या चित्रांत, आणि तीही होम्स गावाकडे प्रवासाला निघालेला असताना. लंडनच्या रस्त्यावर ती घालणारा गृहस्थ त्या काळात हास्यास्पद ठरला असता. पुण्या-मुंबईच्या हवेत तर ती दोन मिनिटेही डोक्यावर राहणार नाही. तेवढ्याच पैशांत पॅजेटच्या चित्रांसह छापलेला कथासंग्रह मिळत असेल तर तो घ्यावा आणि परतीच्या विमानात वाचायला काढावा.